आडवी नेलेली उंची

या अंकाचे संपादक एकदा आमच्या मेसला जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही लिहा." आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की त्याला आधी शंका येते, आमटीत मीठ जास्त झालं होतं की काय. मी दोन दिवस त्याच काळजीत होतो. मग त्यांचा परत फोन आला, तेव्हा कळलं की ते खरंच लिहा म्हणत होते.

तर पहिल्यांदा हे सांगून टाकतो की मी फौजी नाही. बस सुटत असली तरी मी धावत नाही, पुढच्या बसची वाट बघतो. लातुरात सैन्यभरतीची तयारी करून घेणारी एक छोटी अकॅडमी आहे, तिच्या मेसचा मी स्वयंपाकी. पोरं मला कोकणी मामा म्हणतात. मी मूळचा कुडाळकडचा. लग्नसराईत एका केटरिंगवाल्याबरोबर इकडे आलो. सराई संपली, केटरिंगवाला गेला, मी बसस्टँडवर राहिलो. तिथे चहा पिताना आमचे सर भेटले. सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, उदगीरकडचे. त्यांनी विचारलं, "भाकरी येते का?" मी घाबरून "येते" म्हटलं. भात-मासे खाऊन वाढलेला माणूस मी, ज्वारीचं पीठ तोवर हातात घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या भाकऱ्या अशा झाल्या की पोरांनी त्यावर उड्या मारल्या असत्या तरी मोडल्या नसत्या. सरांनी एक आख्खी खाल्ली, वर पाणी प्यायले आणि म्हणाले, "शिकशील." बस, एवढंच. तिथून मी या घरचं मीठ खातोय, आणि आज माझी भाकरी टम्म फुगते. गावाला आईला फोनवर "लई फुगते बघ" म्हटलं तर ती म्हणाली, "तू बोलतंस कसो रे झिला, कोणाच्या घरात वाढलंस?"

बाहेरच्यांना वाटतं की भरती म्हणजे धावणं. धावणं तर आहेच. सोळाशे मीटर, आमच्याकडे नुसतं 'सोळाशे' म्हणतात. "सोळाशे मारली का?" म्हणजे सकाळ झाली का, असाच अर्थ. मग बीम, म्हणजे लोखंडी दांड्याला लटकून हनुवटी वर न्यायची. मग नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा आणि वाकड्यातिकड्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत चालायचं. या सगळ्याला पोरं मिळून 'ग्राउंड' म्हणतात. पण ग्राउंड मारूनही पोरगा घरी येऊ शकतो, कारण त्यानंतर मोजमाप असतं. वजन, उंची, छाती. धावणं सरांच्या हातात, वजन माझ्या हातात, उंची देवाच्या हातात अशी आमची वाटणी होती. छाती कुणाच्याच हातात नव्हती, ते पुढे सांगतो.

वजनासाठी अंडी लागतात. आणि सरांच्या घरी अक्का, म्हणजे सरांच्या मिसेस, अंड्याचं टरफलसुद्धा अंगणात येऊ देत नसत. सकाळी आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय त्या चहाही घेत नाहीत. मग सरांनी तोडगा काढला. पत्र्याच्या शेडमागे एक वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि अंड्यांना नाव 'पांढरे बटाटे'. अक्का कधी शेडमागे आल्या नाहीत. फक्त महिन्यातून एखादवेळी मला विचारायच्या, "प्रकाश, पोरांची बटाटी कमी पडत नाहीत ना? अशक्त दिसायलीत." मी मान खाली घालून "न्हाई अक्का" म्हणायचो. त्यांना सगळं ठाऊक होतं हे मला ठाऊक होतं.

वजनाचा दुसरा इलाज केळी. अर्धापूरचा एक बागाईतदार आम्हाला केळीचे घड पाठवायचा, त्याचा भाचा आमच्याकडे होता. वजनाला थोडासा कमी पडणारा पोरगा काट्यावर चढायच्या आधी पोटात मावतील तेवढी केळी खातो आणि वर पाणी पितो, ही मराठवाड्यातली जुनी पद्धत आहे. फक्त केळी धावायच्या आधी खायची की नंतर, हे डोक्यात पक्कं पाहिजे. एकदा दुसऱ्या अकॅडमीच्या पोरांनी आधी खाल्ली. पहिलं वळण त्यांनी जोरात घेतलं. दुसऱ्या वळणावर केळी बाहेर आली आणि मागून येणारी सगळी भरती त्यावर घसरली.

आता छाती. रेणापूरकडचा बालाजी नावाचा पोरगा होता. छाती नुसती असून चालत नाही, श्वास भरून ती पाच सेंटिमीटर फुगावी लागते. सर टेप लावून म्हणायचे, "फुगव." बालाजी गाल फुगवायचा. "अरे छाती!" तो आणखी गाल फुगवायचा. डोळे बाहेर यायचे, कान लाल व्हायचे, टेप जागची हलायची नाही. शेवटी सरांनी त्याला श्वास कोंडून धरायचा व्यायाम लावला. उठता-बसता, वेळ मिळेल तेव्हा. पोरगा गुणी, सांगितलं की करणारा. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा, डोळ्यांतून पाणी गळायला लागायचं, आणि मग एकदम 'हूऽऽश' करून पुढचं वाक्य सुरू. आम्हाला सवय झाली होती. इतरांना नव्हती, आणि तिथेच घात झाला.

पण मला सांगायचं आहे ते अंगदचं. लोह्याजवळच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. धावायचा असा की सरांनी शिट्टी तोंडातून काढेपर्यंत हा वळणावर. बीम, खड्डा, फळी, सगळ्यात पहिला. अडचण एकच, उंची. सरांनी मेसच्या चौकटीवर लाल रंगाने एक रेघ ओढली होती. सैन्याला एवढी उंची लागते, एवढीच तिची गोष्ट. अंगद सकाळी उठून चौकटीला पाठ लावायचा तेव्हा डोकं रेघेच्या वर. संध्याकाळी लावायचा तेव्हा खाली. फरक ज्वारीच्या दाण्याएवढा.

सर म्हणाले, "माणूस दिवसभर उभा राहिला की दबतो. रात्रभर आडवा झाला की परत लांब होतो. सगळ्यांचंच होतं, पण सगळ्यांचा घास असा रेघेवर अडकलेला नसतो." त्या दिवसापासून अंगदचं उभं राहणं बंद. धावून आला की आडवा. जेवणही कुशीवर. उशी बंद. मोटारसायकल बंद, कारण खड्ड्यांत मणके बसतात. पोरं म्हणायची, "आंगद्या, लातूर-नांदेड रोडनं चार वेळा गेलास तर बालवाडीत भरती करत्याल तुला." तो हसायचा, पण हसताना माझ्याकडे बघायचा. त्याला हसू येत नव्हतं. यंदा त्याचं वय संपत होतं. आमच्या धंद्यात एकवीस पूर्ण झालेला पोरगा म्हातारा. ही भरती गेली की पुढची नाही. आणि ही भरती होती नांदेडला.

म्हणजे नेमका तोच रस्ता.

सरांनी ठरवलं, अंगदला आडवा न्यायचा. बाकीची पोरं एस.टी.ने पुढे गेली. आमच्या छोट्या टेम्पोत मागे तीन गाद्या एकावर एक टाकल्या, वर गोधडी, त्यावर अंगद. कडेला भांडी, केळीचे घड, मी आणि बालाजी. पुढे सर स्वतः चालवायला. सरांचं फर्मान होतं, "अंगद, उद्या सकाळी ग्राउंडच्या दारात पाय टेकवायचा, त्याच्या आधी नाही. झोप. जितका झोपशील तितका लांब होशील." निघताना अक्का ओवाळायला आल्या. पोराला उभं करता येईना, म्हणून त्यांनी आडव्यालाच कुंकू लावलं, झेंडूचा हार छातीवर ठेवला, नारळ उशाशी ठेवला आणि पुढे काचेपाशी उदबत्ती लावली. रस्त्याची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मी वरून स्वच्छ पांढरी चादर पांघरली. मला वाटलं, किती छान सोय झाली.

अंगद आज्ञाधारक. अहमदपूरच्या आधीच घोरायला लागला, आणि अहमदपूरच्या पुढे घोरायचाही थांबला.

लोह्याला टेम्पो थांबला. आठवडी बाजार होता, रस्ता तुंबलेला. सर टायरची हवा बघून घ्यायला पंक्चरवाल्याकडे गेले, मी चहा आणायला. टेम्पोपाशी राहिला बालाजी. मोकळा वेळ मिळाला म्हणून त्याने श्वास कोंडून धरला.

पुढचं मी नंतर जोडलेलं आहे. अंगदच्या गावचा एक माणूस तिथून चालला होता. त्याने काचेपाशी विझलेली उदबत्ती बघितली, हार बघितला, चादरीच्या वर दिसणारं कुंकवाचं कपाळ बघितलं. ओळखलं. बालाजीला विचारलं, "ह्यो आंगद न्हवं का? काय झालं रं?" बालाजी त्याच्याकडे बघत राहिला. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्याने हाताने 'थांबा' अशी खूण केली. त्या माणसाने ती वेगळी समजून घेतली आणि डोक्यावरची टोपी काढून बाजाराकडे पळाला.

मी चहाचे ग्लास घेऊन परत येतो तो टेम्पोभोवती ही गर्दी! म्हाताऱ्यांनी टोप्या काढलेल्या. एकजण म्हणत होता, "लई गुणाचं लेकरू होतं." दुसरा म्हणत होता, "अकॅडमीवाले मारत्यात म्हणं लई." मी गर्दीत घुसलो, चहा सगळा मनगटावर. आणि तेवढ्यात गर्दी फाकली आणि एक बाई वांग्याची पिशवी तशीच टाकून धावत आली. अंगदची आई, गोदाबाई. बाजाराला आली होती.

"माझ्या लेकरा रंऽऽ!"

त्या हाकेने अंगद जागा झाला. डोळे उघडले, पण सरांचा धाक एवढा की मान हलवली नाही. "आई, वरडू नको," तो छताकडे बघत म्हणाला. "मी हाय की."

गर्दीतली पुढची रांग मागे सरकली. आईने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "हायस? मंग ऊठ की."

"उठता येत न्हाई."

झालं. आधीपेक्षा दुप्पट आवाजात सुरू. "पाय गेलं माझ्या लेकराचं! कुणी मोडलं रं पाय तुझं?" आणि सगळ्या गर्दीने माझ्याकडे बघितलं, कारण हातात रिकामे ग्लास घेऊन तिथे उभा असलेला परका माणूस मीच. बालाजीने त्याच वेळी 'हूऽऽश' केलं, म्हणाला, "मावशी, तसं न्हाई," पण ऐकतंय कोण.

सर आले. फौजी आवाजात "शांत व्हा!" म्हणाले. सगळा बाजार शांत झाला, एक रेडकू सोडून. सरांनी उंचीचं सगळं समजावलं. ऐकून एक धोतरवाले आजोबा पुढे आले.

"म्हंजे उभा ऱ्हायला की कमी व्हतो?"

"हो."

"आन् आडवा झाला की वाढतो?"

"हो, थोडा."

"मंग माझी म्हैस चारी पायावर आडवीच असती जन्मभर, ती कामून वाढत न्हाई?"

सर सियाचीनला होते म्हणतात, पण त्या प्रश्नापुढे ते वाकून परत टायरची हवा बघायला लागले. लोक हसले. गोदाबाई हसल्या नाहीत. त्या सरांना म्हणाल्या, "सर, तुमचं समदं खरं असंल. पर माझ्या डोळ्यानं लेकरू उभं बगितल्याबिगर मी घरी जाणार न्हाई. एकडाव उभा करा, लगीच झोपवा."

मला वाटलं, बरोबर आहे, एका मिनिटाने काय होतंय. सरांनाही तसंच वाटलं असावं. पण अंगदच म्हणाला, "न्हाई." मान न हलवता, छताकडे बघत. "आई, आज न्हाई. उद्या बग. जन्मभर उभा ऱ्हातो तुझ्यापुढं, पर आज न्हाई."

त्या आईने लेकाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, पदर खोचला. पिशवीतली सांडलेली वांगी एका बाईच्या ओटीत दिली, "घरी सांग, मी नांदेडला गेले," म्हणाली आणि टेम्पोत चढून बसली. कुणाला विचारलं नाही. सरांनी गाडी सुरू केली. मागून आजोबा ओरडले, "सर, माझ्या नातवाला बी न्या, उभाच झोपतोय शाळेत!"

नांदेडपर्यंत गोदाबाईंचा एक हात अंगदच्या पायावर होता. मधूनच त्या त्याचा अंगठा चिमटीत धरून दाबायच्या आणि विचारायच्या, "कळतंय का?" तो म्हणायचा, "कळतंय." थोड्या वेळाने दुसरा अंगठा. मग माझ्याकडे वळल्या. "तुमी कुठलं म्हनायचं?"

"कोकणातला. कुडाळकडचा."

"लई लांब. आई हाय?"

"आहे."

"कवा गेलतासा?"

मी केळीचे घड नीट करायला लागलो. त्यांनी परत विचारलं नाही. एक केळं सोलून माझ्या हातात दिलं, जसं मीच त्यांच्याकडे पाहुणा आलो होतो.

नांदेडला सरांच्या ओळखीच्या एका कापसाच्या गोडाऊनमध्ये आम्ही मुक्काम केला. गाद्यांसकट पोरगा उचलून आत ठेवला. सकाळी उजाडताना परत उचलून टेम्पोत आणि टेम्पो ग्राउंडच्या दारापर्यंत. मी सारखा एकाच काळजीत, आता गादी निसटेल, आता गादी निसटेल.

दारापाशी पोरांची रांग. दारातच एक आडवी पट्टी लावलेली असते. तिच्याखालून ज्याचं डोकं न अडकता जातं, तो तिथूनच परत. सर म्हणाले, "अंगद, ऊठ."

अंगद उठला. पाय खाली टेकवले, आणि ताठ उभा राहिला. मी त्याला कित्येक महिन्यांत असा ताठ, असा निवांत उभा बघितलाच नव्हता. गोदाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मान वर करून बघावं लागलं त्यांना. म्हणाल्या, "आरं, एवढा कवा झालास?"

बालाजी म्हणाला, "आत्ताच झालाय मावशी. लवकर बगून घ्या."

अंगद पट्टीपाशी गेला. डोकं अडकलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्याचं डोकं अडकलेलं बघून मी रडलो. जवानाने त्याला आत घेतलं. मागून बालाजीही गेला, तो उंचीने भरपूर होता. पण ही पट्टी म्हणजे नुसती वरवरची चाळणी. खरं मोजमाप आत, धावणं झाल्यावर, घाम निथळत असताना.

मग आम्ही दाराबाहेर बसलो. भरतीच्या दाराबाहेर बसायची एक रीत आहे, ती नव्या माणसाला उलटी वाटते. पोरगा नापास झाला की लगेच बाहेर काढतात. धावण्यात मागे पडला, बाहेर. बीमवर कमी पडला, बाहेर. म्हणून जो येत नाही तो चांगला. थोड्याच वेळात दार उघडलं आणि पोरांचा लोंढा आला. कुणी लंगडत, कुणी बनियन खांद्यावर टाकून, कुणी बापाच्या नजरेला नजर न देता. गोदाबाई उठून प्रत्येकाचं तोंड बघायला लागल्या. "आंगद न्हाई आला. कुठं ऱ्हायला?"

मी म्हटलं, "ताई, बसा. तो येऊ नये असं म्हणा."

"आसं कसं म्हनू? माझं लेकरू हाय."

मी समजावलं. त्यांनी ऐकलं, परत बसल्या आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायला लागल्या. शेजारी अहमदपूरचे एक मास्तर बसले होते, त्यांच्या मुलाचीही तीच गत. गोदाबाईंनी त्यांनाही शिकवलं. "भाऊ, लेकरू येऊ नये म्हना. इथं तसंच हाय." दार उघडलं की दोघंही दचकायची, लोंढा संपला की दोघंही श्वास सोडायची. ऊन चढलं. मास्तरांचा मुलगा बाहेर आला. मास्तर उठले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि जाताना गोदाबाईंना म्हणाले, "तुमचा न येवो." एवढा चांगला आशीर्वाद मी ऐकलेला नाही.

दुपार टळत आली तेव्हा बालाजी बाहेर आला. चेहरा पडलेला. सरांनी विचारलं, "छाती?"

"फुगली होती सर! आईची आन. खरंच फुगली होती. पर टेपवाला जवान माझ्या गालाकडं बगून हसला. मग मला बी हसू आलं. हवा गेली."

सरांनी डोक्याला हात लावला. बालाजीला वय होतं, पुढची भरती होती. मी विचारलं, "अंगद?"

बालाजी जमिनीवर बसला. "सोळाशेत पहिला आला. आला तसा मैदानावर जो आडवा पडला, जवानांना वाटलं चक्कर आली. पाणी मारलं तोंडावर, तरी उठंना. त्यो म्हनतो, नंबर येईपर्यंत उठणार न्हाई. शेवटी मोठ्ठं साहेब आलं बगायला. म्हनलं, याला आधी मोजा, न्हाईतर इथंच झोपंल. मोजला."

"मग?" आम्ही सगळे एकदम.

"पट्टी डोक्यावर ठिवली, खाली वाकून बगितलं, परत बगितलं. मग छातीवर शिक्का मारला आन् आतल्या मंडपात बसवला. मेडिकलच्या रांगेत. आता त्यो भायेर येत न्हाई मावशी."

सरांनी माझा खांदा एवढ्या जोराने दाबला की तो दोन दिवस दुखत होता. मेडिकल, मग यादी, अजून बरंच बाकी होतं, पण ज्या रेघेसाठी पोरगा आडवा आला ती पार झाली होती. सर म्हणाले, "चला ताई, वाटेत लोह्याला सोडतो तुम्हाला." मी गाद्या गुंडाळायला घेतल्या.

गोदाबाई उठल्या नाहीत. दाराकडे तोंड करून तशाच बसून राहिल्या.

"सर, जरा थांबा," त्या म्हणाल्या. "सकाळधरनं येऊ नको, येऊ नको म्हनत बसले. आता जरा ये म्हनून बसू द्या."

सरांनी टेम्पोची चावी काढून खिशात ठेवली. मी गादी परत पसरली, दाराच्या समोर, आणि आम्ही चौघं तिच्यावर बसलो.